हेवी मेटलसाठी डिस्टॉर्शन पेडल : निवड, जुळवणी आणि वापर

हेवी मेटल या संगीतप्रकारात इलेक्ट्रिक गिटारचा जो दाट, खरखरीत आणि लांबत जाणारा आवाज ऐकू येतो, तो गिटारच्या तारांत तयार झालेला नसतो. तारांची कंपने विजेत बदलणाऱ्या पिकअपमधून निघालेला दुर्बळ विद्युतसंकेत त्याच्या मर्यादेपलीकडे वाढवून त्याचा आकार मुद्दाम बिघडवला, की तो आवाज जन्माला येतो. या बिघडवण्याला डिस्टॉर्शन म्हणतात आणि गिटार व अ‍ॅम्प्लिफायर यांच्यामध्ये जोडलेली, पायाने चालू-बंद करता येणारी जी छोटी पेटी हे काम करते तिला डिस्टॉर्शन पेडल म्हणतात. नवशिके वादक अशा पेडलबद्दल बहुधा एकच गोष्ट विचारतात, ती म्हणजे त्यात गेन, म्हणजे संकेत वाढवण्याचे प्रमाण, किती आहे. वास्तविक मेटलसाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या बहुतेक पेडलांत गेन गरजेपेक्षा जास्तच असतो, त्यामुळे तो निवडीचा निकष ठरू शकत नाही. एका पेडलचा आवाज दुसऱ्यापेक्षा वेगळा का, याचे उत्तर प्रामुख्याने दोन जागी सापडते : संकेत बिघडवण्यापूर्वी त्यातले कोणते स्वरपट्टे कमी केले आहेत आणि बिघडवल्यानंतर कोणते पट्टे पुढे आणले आहेत. पेडलची निवड, नॉबांची जुळवणी आणि त्रासदायक गुणगुणीवरचा इलाज या तिन्ही गोष्टी याच दोन प्रश्नांच्या आधारे समजून घेता येतात.

संकेत बिघडतो म्हणजे काय

गिटारच्या पिकअपमधून येणारा संकेत साधारणपणे काही शे मिलिव्होल्ट इतकाच असतो. पेडलमधील परिपथ तो अनेक पटींनी वाढवतो आणि मग डायोडसारख्या घटकांकडे सोपवतो. सिलिकॉनचा डायोड सुमारे ०.६ व्होल्टच्या पुढे वीज वाहू देऊ लागतो, त्यामुळे लहरीचा त्यापेक्षा उंच गेलेला माथा कापला जातो. या छाटणीला क्लिपिंग म्हणतात. गोलाकार माथ्याची लहर सपाट माथ्याची झाली, की मूळ स्वराच्या दुप्पट, तिप्पट, चौपट कंप्रसंख्येचे उपस्वर तीत नव्याने मिसळतात आणि आवाज कर्कश किंवा भरदार वाटू लागतो. लहरीची वरची व खालची बाजू सारखीच छाटली गेली तर विषम पटींचे उपस्वर ठळक होतात, आणि दोन बाजूंच्या छाटणीत फरक ठेवला तर सम पटींचे उपस्वरही त्यांत येऊन मिळतात.

छाटणीचा दुसरा परिणाम असा, की जोरात छेडलेला स्वर आणि हळू छेडलेला स्वर यांच्या आवाजातील अंतर घटते. स्वर विरत असतानाही बराच वेळ त्याच पातळीवर टिकून राहतो, म्हणून मेटलच्या वादनात तो लांबतो. पण त्याच न्यायाने तारेला चुकून झालेला स्पर्श, बोटांची घसर आणि विजेची गुणगुण हेही वर उचलले जाते. गेन वाढवण्याची किंमत येथे मोजावी लागते.

छाटणी किती तीव्र आहे यावरून पेडलांचे तीन ढोबळ वर्ग केले जातात. ओव्हरड्राइव्हमध्ये डायोड वर्धकाच्या प्रतिपोषण मार्गात बसवलेले असल्याने लहरीचे कोपरे गोलसर राहतात आणि हाताच्या जोराप्रमाणे आवाज बदलतो. डिस्टॉर्शनमध्ये वाढवलेला संकेत थेट डायोडमधून जमिनीकडे वळवला जातो, म्हणून कोपरे धारदार होतात. १९७८ साली आलेले बॉस कंपनीचे डीएस-१ आणि त्याच सुमारास अमेरिकेतील मिशिगन राज्यात कॅलमझू येथे घडलेले प्रोको रॅट ही या रचनेची परिचित उदाहरणे आहेत. तिसरा वर्ग फझचा असून त्यात लहर जवळजवळ चौकोनी होते. १९६२ मध्ये बाजारात आलेले माएस्ट्रो एफझेड-१ हे या वर्गातील आरंभीचे पेडल होय. डूमसारख्या संथ आणि जड शाखांमध्ये फझ आजही वापरला जातो, मात्र वेगवान रिफसाठी, म्हणजे वारंवार येणाऱ्या छोट्या स्वरवाक्यांसाठी, त्याचा आवाज फार पसरट पडतो.

मेटलमध्ये षड्ज-पंचमच का

हेवी मेटलच्या रिफमध्ये पूर्ण कॉर्डऐवजी पॉवर कॉर्ड, म्हणजे मूळ स्वर आणि त्याचा पंचम एवढीच जोडी प्रामुख्याने का वापरली जाते, याचे कारणही छाटणीतच दडलेले आहे. गिटारची सर्वांत जाड तार प्रमाणित जुळणीत ८२.४ हर्ट्झवर बोलते. तिला षड्ज मानले तर तिचा पंचम १२३.५ हर्ट्झवर येतो. हे दोन स्वर एकाच वेळी छाटणाऱ्या परिपथातून गेले, की ते आपापले उपस्वर निर्माण करून थांबत नाहीत. त्यांच्या कंप्रसंख्यांच्या बेरजा आणि वजाबाक्याही स्वतंत्र स्वर म्हणून उमटतात. येथे वजाबाकी ४१.१ हर्ट्झ येते, म्हणजे व्यवहारतः खालच्या सप्तकातला षड्जच मिळतो, आणि गिटार प्रत्यक्षात वाजवत नसलेला खर्ज ऐकू येऊ लागतो.

पंचमाच्या जागी शुद्ध गंधार घेतला तर चित्र बदलते. गिटारचे पडदे सप्तकाचे बारा समान भाग करून बसवलेले असल्याने त्यावरील गंधार नैसर्गिक गंधारापेक्षा काहीसा चढा असतो. १०३.८ आणि ८२.४ यांची वजाबाकी २१.४ हर्ट्झ येते, तर दोन सप्तके खालचा षड्ज २०.६ हर्ट्झवर असतो. ही आणि अशाच प्रकारची इतर संयोगजन्य कंपने मूळ स्वरांशी जुळत नाहीत, म्हणून जास्त गेनवर गंधारयुक्त कॉर्ड गढूळ आणि थरथरता ऐकू येतो. वाचकाने यातून व्यवहाराचा नियम घ्यायचा तो असा : रचनेत तीन किंवा अधिक वेगळ्या स्वरांचे कॉर्ड असतील, तर त्या भागापुरता गेन कमी करण्याची सोय हवी, आणि त्यासाठी दुसरे पेडल घेण्याआधी गिटारवरचा व्हॉल्यूम नॉब थोडा खाली आणून पाहावा.

छाटणीच्या आधी : खर्ज आवरणे

पिकअपच्या संकेतात खालच्या कंप्रसंख्यांचा जोर मोठा असतो. तो तसाच छाटणीत गेला तर छाटणारा परिपथ खर्जानेच व्यापला जातो, वरचे स्वर त्याच्यासोबत हेलकावतात आणि पाम म्यूट, म्हणजे तळहाताची कड ब्रिजजवळ, म्हणजे तारा गिटारच्या धडावर जेथे टेकतात तेथे, टेकवून तारा अर्धवट दाबत केलेला ठाशीव आघात, सैल व फुगलेला वाटतो. त्यामुळे जड आवाज हवा असेल तर छाटणीपूर्वी खर्ज कमी करावा लागतो. हे प्रथमदर्शनी उलटे वाटले तरी या संगीताच्या इतिहासात सुरुवातीपासून तेच घडलेले दिसते.

इंग्लंडमधील बर्मिंगहॅम शहरातला ब्लॅक सबाथ हा गट हेवी मेटलचा प्रारंभबिंदू मानला जातो. त्याचा गिटारवादक टोनी आयोमी याने वयाच्या सतराव्या वर्षी पत्र्याच्या कारखान्यातील अपघातात उजव्या हाताच्या दोन बोटांची टोके गमावली होती. तो डावखुरा असल्याने हीच बोटे तारांवर पडत. त्यामुळे त्याने बोटांना टोपणे लावली, हलक्या तारा वापरल्या आणि पुढे १९७१ च्या ‘मास्टर ऑफ रिअ‍ॅलिटी’ या अल्बममधील काही रचनांसाठी गिटार तीन अर्धस्वरांनी खाली उतरवली. सुरुवातीच्या काळात त्याच्या अ‍ॅम्पपुढे डॅलस रेंजमास्टर नावाचा ट्रेबल बूस्टर असे. हे साधन वरचे स्वर वाढवून अ‍ॅम्पकडे पाठवते, त्यामुळे छाटणीत खर्जाचा वाटा तुलनेने कमी राहतो आणि उतरवलेल्या, ढिल्या तारांचा आवाजही स्पष्ट निघतो.

हेच तत्त्व पुढे आयबानेझच्या ट्यूब स्क्रीमर या हिरव्या पेडलने अधिक सुबक रीतीने साधले. जपानमधील मॅक्सन कंपनीसाठी सुसुमु तामुरा यांनी आखलेल्या या परिपथात सुमारे ७२० हर्ट्झच्या खाली गेन उतरत जातो आणि छाटणीनंतर वरचे तीक्ष्ण स्वरही मऊ केले जातात, म्हणून मधला पट्टा पुढे येतो. ब्लूजसाठी नावाजलेले हे सौम्य ओव्हरड्राइव्ह मेटलवाल्यांच्या पेडलबोर्डवर का असते, याचे स्पष्टीकरण यातच आहे. ड्राइव्ह, म्हणजे गेनचा नॉब, शून्याजवळ, लेव्हल, म्हणजे बाहेर पडणाऱ्या संकेताची पातळी, जवळजवळ पूर्ण आणि टोन मध्यावर ठेवून ते आधीच भरपूर गेन असलेल्या अ‍ॅम्पपुढे लावले, की ते स्वतः आवाज फारसा बिघडवत नाही. खर्ज गाळलेला आणि जोर वाढवलेला संकेत ते पुढे सोडते आणि प्रत्यक्ष छाटणी अ‍ॅम्पच करतो.

छाटणीच्या नंतर : आवाजाला चेहरा देणे

छाटणीनंतरच्या इक्वलायझरने, म्हणजे निरनिराळे स्वरपट्टे कमी-जास्त करणाऱ्या नियंत्रणाने, पेडलचे व्यक्तिमत्त्व ठरते. याचे ठसठशीत उदाहरण म्हणजे बॉसचे एचएम-२ हेवी मेटल हे १९८३ साली आलेले आणि १९९१ मध्ये उत्पादन थांबलेले पेडल. त्याच्यातील ‘कलर मिक्स’ नावाचे दोन नॉब खर्जाचा पट्टा आणि १,००० हर्ट्झच्या आसपासचा पट्टा कमालीचा उंचावू शकतात. स्टॉकहोममधील निहिलिस्ट या गटाने, ज्यातून पुढे एन्टूम्ड हा गट उभा राहिला, सर्व नॉब कमाल मर्यादेवर ठेवून हे पेडल वापरले. टोमास स्कोग्सबर्ग यांच्या सनलाइट स्टुडिओत ध्वनिमुद्रित झालेल्या आणि १९९० मध्ये आलेल्या एन्टूम्डच्या ‘लेफ्ट हँड पाथ’ या अल्बममुळे करवतीसारखा कापत जाणारा हा आवाज स्वीडिश डेथ मेटलची खूण बनला. सामान्य बुद्धीने चुकीची ठरणारी जुळवणी येथे एका शाखेची ओळख झाली; मात्र ज्याला त्या शाखेबाहेरचे काही वाजवायचे आहे, त्याच्यासाठी हे पेडल पहिली खरेदी म्हणून अडचणीचे ठरते, कारण त्याचा चेहरा लपत नाही.

याच्या उलट टोकाला १९९१ मध्ये आलेले बॉसचे एमटी-२ मेटल झोन हे पेडल आहे. त्यात खर्ज व तार (वरचे) स्वर यांच्या नॉबांखेरीज मधला पट्टा किती वाढवायचा याचा एक आणि तो पट्टा नेमका कोठे मानायचा याचा दुसरा नॉब असून या दुसऱ्याची कक्षा २०० हर्ट्झपासून ५ किलोहर्ट्झपर्यंत आहे. नियंत्रणे अतिशय प्रभावी असल्याने किंचित फिरवलेला नॉबही आवाजाचा कायापालट करतो, आणि या पेडलची जी बदनामी झाली तिचे मोठे कारण मधला पट्टा पूर्ण काढून टाकण्याची सवय हे आहे. गेन चतुर्थांशावर, खर्ज व तार मध्याच्या खाली आणि मधला पट्टा ५०० ते ८०० हर्ट्झच्या दरम्यान थोडा वर ठेवला, तर हेच पेडल आटोपशीर बोलते. प्रोको रॅटमध्ये मात्र एकच ‘फिल्टर’ नॉब आहे आणि तो उजवीकडे फिरवला असता तार स्वर कमी होतात. इतर पेडलांच्या सवयीने तो वाढवत गेलेला वादक आवाज मंद का होतो म्हणून गोंधळतो.

अ‍ॅम्प पाहून पेडल

पेडल कोणते घ्यावे याचा निर्णय अ‍ॅम्पवर अवलंबून असतो, म्हणून खरेदीपूर्वी स्वतःच्या अ‍ॅम्पची जात ओळखणे अगत्याचे आहे. अ‍ॅम्पला स्वतःचे भरपूर गेन असलेले चॅनल असेल, तर मेटलचे स्वतंत्र डिस्टॉर्शन पेडल त्यावर चढवणे म्हणजे छाटलेल्या लहरीला पुन्हा छाटणे होय. तेथे ट्यूब स्क्रीमरच्या धर्तीचे ओव्हरड्राइव्ह अधिक उपयोगी पडते. अ‍ॅम्प स्वच्छ आवाजाचाच असेल, तर सर्व छाटणी पेडलने करायची असल्याने किमान तीन पट्ट्यांचा इक्वलायझर असलेले डिस्टॉर्शन निवडावे. अ‍ॅम्पच्या मागील बाजूस इफेक्ट्स लूप असेल, तर पेडलचा संकेत थेट त्याच्या ‘रिटर्न’ जॅकमध्ये देऊन पाहावा. असे केल्याने अ‍ॅम्पचा प्रारंभिक विभाग आणि त्याचे टोन-नियंत्रण वगळले जाते व पेडललाच त्या विभागाचे काम मिळते. मेटल झोनसारखी पेडले या जोडणीत पुष्कळदा अनपेक्षितपणे चांगली वाजतात.

गिटारची बाजूही विचारात घ्यावी. एकेरी वेटोळ्याचे पिकअप गुणगुण सहज पकडतात, तर हंबकरमध्ये उलट दिशेची दोन वेटोळी परस्परांची गुणगुण रद्द करतात, म्हणून मेटलसाठी ब्रिजजवळचा हंबकर हाच रूढ पर्याय आहे. गिटार उतरवून वाजवायची असेल तर तारा जाड घ्याव्यात. सात तारांच्या गिटारची सर्वांत खालची तार ६१.७ हर्ट्झवर बोलते. अशा वाद्यासाठी छाटणीपूर्वी खर्ज आवरणारा नॉब, जो काही आधुनिक पेडलांवर ‘टाइट’ या नावाने दिलेला असतो, ही गरजेची गोष्ट ठरते.

नॉब लावण्याचा क्रम

जुळवणी करताना आधी पेडल बंद ठेवून अ‍ॅम्पचे सर्व टोन-नॉब मध्यावर आणावेत आणि स्वच्छ आवाज समाधानकारक करून घ्यावा. त्यानंतर पेडलचा गेन शून्यावर व इक्वलायझर मध्यावर ठेवून ते चालू करावे आणि लेव्हल अशी लावावी, की पेडल चालू व बंद असतानाचा आवाज सारख्याच पातळीचा राहील. कारण मोठा आवाज कानाला नेहमीच चांगला वाटतो आणि ही बरोबरी न साधता केलेली तुलना फसवी ठरते. मग पाम म्यूट करत गेन हळूहळू वाढवावा आणि आघात भरदार होऊनही दोन आघातांमधली शांतता शाबूत असेल तेथे थांबावे.

या टप्प्यावर तीन चाचण्या घ्याव्यात. पाम म्यूटचा प्रत्येक ठोका सुटा ऐकू येतो का, जलद एकेरी स्वर परस्परांत मिसळतात का आणि पॉवर कॉर्ड सोडल्यावर त्यातील पंचम ओळखता येतो का, हे पाहावे. पहिली चाचणी फसली तर खर्ज किंवा गेन कमी करावा, दुसरी फसली तर गेन कमी करून मधला पट्टा वाढवावा आणि तिसरी फसली तर तार स्वरांची चुरचुर उतरवावी.

मधल्या पट्ट्याबद्दल विशेष सावधगिरी हवी. खोलीत एकट्याने वाजवताना मध्य काढून टाकलेला आणि खर्ज व तार वाढवलेला आवाज भव्य वाटतो, परंतु गटात खालची जागा बास गिटार व बास ड्रमने आणि वरची जागा झांजांनी घेतलेली असते. गिटारला उरणारी जागा मध्यातलीच असल्याने मध्य काढलेली गिटार तेथे ऐकूच येत नाही. म्हणून अंतिम जुळवणी गटासोबत, आणि ते शक्य नसेल तर ढोल-बासचे मुद्रण लावून, करावी.

गुणगुण, गेट आणि वीजपुरवठा

चाळीस डेसिबलचा गेन म्हणजे व्होल्टतेत शंभरपट वाढ. तेव्हा गिटारच्या तारेतून शिरलेली गुणगुणही शंभरपट होते. भारतात घरगुती वीज २३० व्होल्ट व ५० हर्ट्झची असल्याने ही गुणगुण ५०, १००, १५० अशा कंप्रसंख्यांवर, म्हणजे गिटारच्याच खालच्या परिसरात येऊन बसते. पंख्याचा किंवा दिव्याचा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर, मोबाइल चार्जर आणि स्वस्त अडॅप्टर हे तिचे नेहमीचे उगम असल्याने ते एकेक करून बंद करून पाहणे हा पहिला उपाय आहे. नॉइज गेट, म्हणजे ठरावीक पातळीखालचा संकेत रोखणारे साधन, त्यानंतरचा उपाय होय. त्याची मर्यादा फार वर लावल्यास लांबणारे स्वर मध्येच तुटतात, म्हणून गुणगुण जेमतेम थांबेल इतकीच ती ठेवावी.

गुणगुण घालवण्यासाठी अ‍ॅम्पच्या तीन पिनी प्लगची अर्थिंगची पिन काढणे किंवा ती टाळणारा जोड वापरणे हा प्रकार मात्र कटाक्षाने टाळावा, कारण अ‍ॅम्पमध्ये बिघाड झाल्यास गिटारच्या तारांमधून वादकाला विजेचा धक्का बसू शकतो. जुन्या इमारतीत अर्थिंग नसेल तर ते इलेक्ट्रिशियनकडून करून घ्यावे.

बहुतेक पेडलांना ९ व्होल्टचा एकदिश पुरवठा लागतो आणि प्लगचा मधला बिंदू ऋण असतो. व्होल्ट व ध्रुव तंतोतंत जुळले पाहिजेत. मिलिअँपिअरची क्षमता मात्र गरजेपेक्षा जास्त असली तरी चालते. एका अडॅप्टरवरून साखळीने अनेक पेडले चालवल्यास, त्यांत डिजिटल पेडल असल्यास विशेषतः, शिट्टीसारखा आवाज येऊ शकतो. तेथे प्रत्येक पेडलला विलग पुरवठा देणारे साधन वापरावे. जुने पेडल विकत घेताना त्यावरील पट्टी वाचावी. बॉसच्या ज्या जुन्या पेडलांवर ‘एसीए’ असे छापलेले असते त्यांना आजचा स्थिर ९ व्होल्टचा अडॅप्टर एकट्याने कमी पडतो आणि पेडल खराब असल्याचा समज होतो. अशा वेळी ९ व्होल्टच्या बॅटरीवर चाचणी घेतल्यास खरी अवस्था कळते.

घरचा सराव आणि ध्वनिमुद्रण

लागून असलेल्या सदनिकांमध्ये सराव हेडफोनवर करणे सोयीचे असते, पण डिस्टॉर्शन पेडल थेट हेडफोनला किंवा संगणकाच्या ऑडिओ इंटरफेसला जोडल्यास आवाज माशीसारखा भणभणतो. गिटारचा स्पीकर साधारण ५ किलोहर्ट्झच्या वरचे स्वर फारसे देत नाही आणि छाटणीतून निघालेली वरची चुरचुर तोच गाळत असतो. तो वगळला की गाळणीही वगळली जाते. म्हणून पेडल व हेडफोन यांच्यामध्ये स्पीकर-पेटीची नक्कल करणारे पेडल किंवा संगणकावरील प्रणाली असावी.

ध्वनिमुद्रणात एकच रिफ दोनदा स्वतंत्रपणे वाजवून एक डावीकडे व एक उजवीकडे ठेवण्याची पद्धत मेटलमध्ये सर्वमान्य आहे. दोन वादनांतील सूक्ष्म फरकांमुळे आवाज आपोआप रुंद आणि दाट होतो, त्यामुळे प्रत्येक वादनातला गेन प्रत्यक्ष मंचावरच्यापेक्षा कमी ठेवावा. कमी गेनवर हाताची चूक झाकली जात नाही, म्हणून सरावाचा काही भाग पेडल बंद ठेवून करणे इष्ट ठरते.

खर्चाचा क्रम ठरवताना वादकाने प्रथम नव्या व योग्य जाडीच्या तारा, मग अ‍ॅम्पला साजेसे एक पेडल, त्यानंतर स्वच्छ वीजपुरवठा आणि गरज उरल्यास नॉइज गेट अशी पायरी धरावी. दुकानात पेडल पाहताना स्वतःची गिटार नेऊन, शक्य तितक्या स्वतःच्या अ‍ॅम्पसारख्या अ‍ॅम्पवर, वर सांगितलेल्या तीन चाचण्या घ्याव्यात. गेन अर्ध्यावर असताना जे पेडल त्या तिन्ही चाचण्या पार पाडते ते मेटलला पुरेसे आहे, आणि गेन पूर्ण उघडल्याशिवाय ज्याचा आवाज भरत नाही किंवा किंचित वाढवताच ज्याचे ठोके फुगतात, ते कितीही नावाजलेले असले तरी त्या गिटारला व त्या अ‍ॅम्पला लागू पडणारे नाही, असे समजून पुढचे पेडल हाती घ्यावे.